क्रूझ कंपनीस तक्रार पत्र: व्हीलचेअर न मावणारी ‘व्हीलचेअर केबिन’

बडोदे,
दि. 12 जानेवारी 2026

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
मुंबई कार्यालय

विषय: सिंगापूर-पेनांग-फुकेत सफरीत व्हीलचेअरवरील ज्येष्ठ प्रवाशाची झालेली गैरसोय, न सांगता लावलेले आकार आणि परताव्याची मागणी

महोदय / महोदया,

डिसेंबर 2025मध्ये मी, माझे यजमान, नणंद आणि ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई असे चौघे आपल्या जहाजाने सिंगापूरहून पेनांग आणि फुकेतला जाऊन आलो. बुकिंग अलकापुरीतल्या आपल्या अधिकृत एजंटमार्फत केले होते. पैसे भरण्याआधी आपल्या मुंबई कार्यालयातल्या ज्या बाई माझ्याशी फोनवर बोलल्या, त्या स्वच्छ मराठीत बोलल्या. “काकू, अजिबात काळजी करू नका, आजींची सगळी सोय आहे,” हे त्यांचे शब्द. परत आल्यावर इंग्रजीत ई-मेल पाठवून पाहिले, त्यांना छापील उत्तरे आली. विक्री मराठीत झाली होती, तेव्हा तक्रारही आता मराठीतच करते.

याच्या आदल्या हिवाळ्यात आम्ही दुसऱ्या एका कंपनीच्या जहाजाने मुंबईहून लक्षद्वीपला गेलो होतो, त्यामुळे तुलना होणारच. आधी तुमच्या बाजूचे सांगते, कारण उगाच नावे ठेवायला मी बसलेली नाही. तुमचे जहाज मोठे, नवे, चकचकीत. मलाक्काच्या सामुद्रधुनीत पाणी एरवीही फारसे उसळत नाही म्हणा, पण जहाज चालले आहे हे कळतसुद्धा नव्हते. रात्रीचे कार्यक्रम पाहण्यासारखे होते. शाकाहारी जेवणाचा काउंटर वेगळा, जैन पदार्थांवर वेगळी पाटी, आणि तिथला आचारी सासूबाईंसाठी रोज मऊ खिचडी बाजूला काढून ठेवायचा. त्याला आमचा नमस्कार सांगा. मुंबईच्या जहाजाचे गालिचे विटलेले होते, लिफ्ट कुरकुरत होती, नाश्त्याचे पोहे घशाखाली उतरत नव्हते. तिकीट तुमच्या निम्म्याहूनही कमी. तरी सासूबाई म्हणतात, पुन्हा जायचे असेल तर त्या जुन्या जहाजाने जाऊ. त्या असे का म्हणतात ते खाली लिहिते.

बुकिंगच्या कागदावर ‘व्हीलचेअर ॲक्सेसिबल’ असे स्पष्ट छापले आहे, प्रत सोबत आहे. प्रत्यक्षात मिळाली ती साधी केबिन, पलंगाशेजारी एक दांडा ठोकलेली. खुर्ची दारातून आत जाईना. नणंद शिवणकाम करते, तिच्या पर्समध्ये टेप कायमचा असतो. तिने तिथल्या तिथे मोजले: दार 22 इंच, खुर्ची 25 इंच. सामान घेऊन आलेला मुलगा ते बघून ओशाळला, त्याचा काही दोष नव्हता. बाथरूमच्या दाराला चांगला वीतभर उंबरठा. पाणी खोलीत येऊ नये म्हणून जहाजावर असा उंबरठा ठेवतात, एवढे मलाही कळते. म्हणून तर ज्यांना पाय उचलता येत नाही त्यांच्यासाठी वेगळ्या केबिन बांधतात. त्यांना रुंद दार असते, जमीन सपाट असते, खुर्चीसकट शॉवरखाली जाता येते, भिंतीला धरायला दांडे असतात. तुमच्या जहाजावरही त्या आहेत, तुमच्याच माहितीपत्रकात त्यांचा फोटो आहे. आमच्या वाट्याची कोणाला दिली, हे रिसेप्शनवर कोणी सांगेना. “फुल आहे मॅडम,” एवढेच.

सासूबाईंना बाथरूमला न्यायचे म्हणजे मी पुढून दोन्ही हात धरायचे, नणंदेने मागून कमरेला आधार द्यायचा आणि त्यांनी एकेक पाय उचलून पलीकडे टाकायचा. दिवसा ठीक, पण रात्री-अपरात्रीही हेच. एकदा पाय अडकून त्या पुढे माझ्या अंगावर आल्या. लागले नाही, पण त्या घाबरल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की त्या पाणीच पीत नाहीत. खिचडी दोन घास, चहा अर्धा कप. विचारले तर म्हणाल्या, “मला समुद्रावर तहान लागत नाही.” बाथरूमला जावे लागू नये म्हणून चालले होते ते. तुमच्या सातमजली जेवणघरांत बसून एक म्हातारी बाई पाणी टाळत होती, हे तुमच्या कुठल्याही समाधान-सर्वेक्षणात येणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

बरे, खुर्ची दारातून जात नाही म्हटल्यावर ती घडी करून बाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवली. रात्री सुरक्षा कर्मचारी आला आणि म्हणाला, आग लागली तर वाट मोकळी हवी, खुर्ची आत घ्या. नियम बरोबर आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण घडी केलेली खुर्ची आत घेतली की दोन पलंगांमधली जागा संपते आणि बाथरूमची वाट बंद होते. मग आम्ही रोज रात्री ती आत घ्यायची, बाथरूमला जायची वेळ आली की उचलून पलंगावर ठेवायची. यजमानांची कंबर अजून दुखते आहे.

आता मुंबईचे जहाज. लक्षद्वीपला जायला प्रवेशाचा परवाना लागतो, त्यासाठी त्या कंपनीने फॉर्म भरून घेतले. त्याच सुमारास त्यांच्या ऑफिसातून फोन आला. आजी किती पावले चालतात, खुर्ची घडीची आहे का, तिची रुंदी किती, कोणाच्या आधाराने उभ्या राहतात का, असे सगळे विचारले. केबिन लहानच होती, पण दार रुंद होते, आणि बाथरूमच्या उंबरठ्यावर त्यांनी लाकडी उतार आणून बसवला होता. रबर चिकटवलेला, ओबडधोबड, बहुधा जहाजावरच्या सुताराने केलेला. दिसायला काही नाही, पण सासूबाईंची खुर्ची त्यावरून घरंगळत आत गेली आणि त्यांचा चेहरा असा खुलला की बस.

यापुढची गोष्ट सोयी-गैरसोयीपलीकडची आहे, ती तुमच्या सुरक्षा अधिकाऱ्याने स्वतः वाचावी.

13 जानेवारी 2012 रोजी कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज इटलीजवळ जिल्यो बेटापाशी खडकावर आदळून कलंडले आणि 32 माणसे गेली. त्यातले काही प्रवासी त्याच दिवशी चढले होते आणि संकटात जहाज सोडून कसे जायचे याची त्यांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम बदलला. पूर्वी कवायत चोवीस तासांत घेतली तरी चालायची, 2015पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. तुमच्या जहाजावर ती झाली, पण कशी झाली? केबिनमधल्या टीव्हीवर एक फिल्म बघायची आणि मग ठरलेल्या जागी जाऊन कार्ड टेकवायचे. आमची केबिन नवव्या मजल्यावर, जमायची जागा सहाव्यावर. आम्ही लिफ्टने गेलो, कार्ड टेकवले, यंत्राने हिरवा दिवा दाखवला, झाले. त्याच फिल्ममध्ये सांगितले होते की सात छोटे आणि एक लांब भोंगा झाला की लिफ्ट वापरू नका. मग खुर्चीवरच्या माणसाने तीन मजले कसे उतरायचे? मी तिथल्या मुलीला हेच विचारले. ती हसून म्हणाली, “डोन्ट वरी मॅम, क्रू विल हेल्प.” कोणता क्रू? त्यांना आमचा केबिन नंबर कोणी दिला आहे? तिच्या हातातल्या टॅबमध्ये सासूबाईंच्या नावापुढे काहीच नोंद नव्हती, मी डोळ्यांनी पाहिले.

समुद्रावरच्या जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार, ज्याला तुम्ही लोक सोलास म्हणता, त्यात असे आहे की संकटात मदत लागेल असे ज्यांनी कळवले आहे त्यांची नोंद जहाज सुटण्याआधी कॅप्टनपर्यंत गेली पाहिजे. आम्ही कळवले होते. बुकिंगच्या फॉर्मवर, फोनवर आणि चेक-इनच्या वेळी. नोंद कुठे अडकली?

मुंबईच्या त्या विटक्या जहाजावर कवायतीआधी दोघे खलाशी केबिनमध्ये आले. जिन्यावरून माणूस बसवून उतरवायची घडीची खुर्ची सोबत आणली होती, ती उघडून दाखवली. कोणत्या जिन्याने नेणार ते सांगितले, दाराबाहेर एक खूण लावली आणि म्हणाले, भोंगा झाला की आजींनी खोलीतच थांबायचे, आम्ही येतो. सासूबाईंनी त्यातल्या उंचपुऱ्या मुलाला विचारले, “तू उचलणार का मला? जेवतोस ना नीट?” तो लाजला. त्या रात्री त्या शांत झोपल्या. तुमच्या जहाजावर मी जागी होते, तीन मजले मोजत.

फुकेतचे थोडक्यात सांगते. तिथे जहाज धक्क्याला लागले नाही, पातोंगसमोर नांगर टाकून लहान बोटींनी माणसे किनाऱ्यावर नेली. आम्ही चौघांच्या सहलीचे पैसे आधीच भरले होते, ते तुमच्याच कंपनीला. बोटीच्या रांगेत अर्धा तास थांबल्यावर सांगितले, व्हीलचेअर चालणार नाही. कारण काय, तर समुद्र खवळला आहे. डिसेंबरात वारा ईशान्येकडून म्हणजे जमिनीकडून येतो, फुकेतची ती पश्चिमेची बाजू शांत असते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोटी जात-येत होत्या, हे आम्ही डेकवरून बघत होतो. चढ-उताराला धोका आहे असे तुमचा माणूस म्हणाला असता तर मी मानले असते. पण ते तिकीट विकताना सांगायचे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटालाही मोठे जहाज आत जात नाही, तिथेही लहान बोटच. पण त्या कंपनीने पैसे घेण्याआधी सांगितले होते, “आजींना बेटावर उतरता येणार नाही, लांबूनच बघावे लागेल, चालेल का विचारून घ्या.” आम्ही विचारले, त्या चालेल म्हणाल्या, आणि डेकवर बसून निळे पाणी बघत मजेत राहिल्या. फुकेतला मात्र नणंद आणि मी त्यांच्याजवळ थांबलो. म्हणजे तीन तिकिटे वाया गेली, आणि तुमच्या काउंटरने ‘आयत्या वेळी रद्द’ म्हणून परतावा नाकारला. रद्द आम्ही केले?

बिलाचे तर विचारू नका. माहितीपत्रकावर ‘सर्व समाविष्ट’, आणि शेवटच्या रात्री दाराखालून सरकवलेल्या कागदावर दरमाणशी दररोज सेवाशुल्क, तेही डॉलरमध्ये. आमच्या केबिनचे काम करणाऱ्या मुलाला मी स्वतःच्या हाताने पैसे दिले आणि पुन्हाही देईन, प्रश्न तो नाही. प्रश्न हा की मुंबईच्या कंपनीने तसला आकार तिकिटाच्या रकमेतच वेगळी ओळ करून दाखवला होता. शिवाय यजमानांनी सरबते-कॉफीसाठी म्हणून जे पॅकेज एजंटच्या सांगण्यावरून घेतले, ते निघाले दारूचे, आणि तुमच्या नियमाने एकाने घेतले की त्या केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना ते घ्यावे लागते. 1960पासून दारूबंदी असलेल्या गुजरातेतून आलेल्या, एकादशी न चुकवणाऱ्या माझ्या सासूबाईंच्या नावावर दारूचे पॅकेज! दुसऱ्या दिवशी रद्द करून घेतले, पण पहिल्या दिवसाचे पैसे आणि त्यावरचे 18 टक्के सेवाशुल्क बिलात तसेच आहे. घरी अजून यावर हसणे चालू आहे. पैसे मात्र परत हवेत.

माझ्या ई-मेलला तुमचे उत्तर आले की आपला अभिप्राय मोलाचा आहे, आणि पुढच्या सफरीवर 10 टक्के सवलतीचे कूपन. ते कूपन मी याच पाकिटातून परत पाठवते आहे.

आम्हाला जे हवे ते असे. व्हीलचेअर केबिन म्हणून साध्या केबिनपेक्षा जी जास्तीची रक्कम घेतलीत, ती परत करावी. फुकेतच्या वाया गेलेल्या तीन तिकिटांचे पैसे, आणि पेय पॅकेजची सर्व रक्कम सेवाशुल्कासकट परत यावी. दरमाणशी सेवाशुल्काबद्दल बुकिंगच्या वेळी आम्हाला कुठे सांगितले होते, तो कागद दाखवावा, नाहीतर तेही परत करावे. आणि सगळ्यांत आधी, सासूबाईंची मदतीची नोंद जहाजावर पोचली होती की नव्हती, याचे लेखी उत्तर सुरक्षा विभागाच्या सहीने द्यावे. पैसे मिळाले तरी हे उत्तर मी सोडणार नाही.

तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिले आहे की वाद परदेशातल्या न्यायालयात चालेल. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, आणि मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर शुल्कही पडत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. मी हिशेब खात्यात नोकरी केली आहे, कागद जपून ठेवायची सवय आहे. मापे घेतानाचे फोटो, बिल, बुकिंगची प्रत आणि चेक-इनचा फॉर्म यांच्या नकला जोडल्या आहेत, मूळ कागद माझ्याकडे आहेत.

तीस दिवसांत उत्तर यावे. फोन करू नये, गोड बोलणे आम्ही एकदा ऐकले आहे. जे असेल ते लेखी पाठवावे.

कळावे,

आपल्या जहाजावरील एक प्रवासी
(नाव, पत्ता व बुकिंग क्रमांक सोबतच्या अर्जावर)