धूर बदलला

नाशिक,
१४ जानेवारी २०२४

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू नव्या काऊंटर-स्ट्राइकबद्दल विचारलंस, "अरे, चित्रंच बदलली ना? मग पोरं एवढी का पेटलीत?" तेव्हा मी दुकानात होतो, समोर गिऱ्हाईक, धड उत्तर देता आलं नाही. आज रविवार आणि भोगी. भाकरी-भाजी जेवून गच्चीत उन्हाला बसलोय. गारठा चांगलाच आहे. सावकाश लिहितो, कारण हा प्रश्न गेले तीन महिने माझ्याही डोक्यात आहे.

आधी कॉलेज रोडचा तो तळघरातला कॅफे आठव. तासाला वीस रुपये, आठ मशिनं, आणि लोडशेडिंगच्या वेळी एकदम काळे पडणारे आठही पडदे. आपण काऊंटर-स्ट्राइक १.६ हा बंदुकांच्या लढाईचा खेळ खेळायचो. त्यातही नव्वद टक्के वेळा एकच मॅप, म्हणजे लढायचं मैदान, डस्ट २. डेव्ह जॉन्स्टन नावाच्या माणसाने तो २००१ साली बनवला, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा तो कुणी बनवला असेल असं डोक्यातही आलं नव्हतं. गोदाघाटाच्या पायऱ्या कुणी बांधल्या हे आपण विचारतो का? त्या असतात. तसा तो मॅप होता. त्यातले कोपरेही पाठ होते: मिडच्या दाराची फट, लाँगचा खड्डा, बी टनेलमधला अंधार. तू टनेलमधून यायचास आणि मी कॅटवॉकवर थांबायचो. शब्द न बोलता ठरलेलं असायचं.

मग तो दिवस, कॅफेवाल्या दादाने दोन मशिनांवर 'सोर्स' टाकला. २००४ मध्ये आलेली तीच गेम, नव्या इंजिनावर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरवर. पिंपं लोळायची, मेलेला माणूस खरा पडल्यासारखा पडायचा. आपण चार दिवस हौसेनं खेळलो आणि पाचव्या दिवशी परत १.६ वर आलो. तू म्हणालास, "गोळी कुठं जाते तेच कळत नाही." आपणच नव्हे, जगभरातले मोठमोठे खेळाडू १.६ सोडायला तयार नव्हते. २०१२ साली ग्लोबल ऑफेन्सिव्ह ही पुढची आवृत्ती येईपर्यंत दोन तट होते. पण तेव्हा कुणी कुणाचं काही काढून घेतलं नव्हतं. ज्याला नवं हवं त्याने नवं खेळावं, आपल्याला आपलं जुनं होतं. हे लक्षात ठेव, पुढे यावर येतो.

आता या वेळी काय झालं ते सांगतो. २७ सप्टेंबर २०२३ ला काऊंटर-स्ट्राइक २ आला, सोर्स २ इंजिनावर. काही नकाशे पार नव्यानं बांधले, काहींवर फक्त नवा उजेड टाकला. डस्ट २ मात्र जपला. मार्चमध्ये निवडक लोकांना चाचणीसाठी दिला तेव्हाही हाच एक मॅप होता. भिंती तिथेच, खोकी तिथेच, अंतरं तीच. हाताला जी सवय आहे ती जागेवर राहावी आणि फरक फक्त डोळ्यांना कळावा, हा त्यामागचा विचार मला पटला.

शुक्रवारी पंतप्रधान येणार म्हणून शहरातले रस्ते बंद होते, दुकान उघडलंच नाही. दिवसभर खेळलो. आणि बंड्या, खरं सांगतो, धूर बघून मी थक्क झालो.

तुला आठवतं, जुना स्मोक, म्हणजे धुराचा ग्रेनेड टाकल्यावर येणारा धूर, म्हणजे हवेत लटकवलेली करड्या रंगाची चित्रं. तो प्रत्येकाच्या मशिनवर आपापला काढला जायचा. त्यामुळे माझ्या पडद्यावर तू पूर्ण झाकलेला आणि दुसऱ्याच्या पडद्यावर तुझं डोकं बाहेर, असं व्हायचं. कुठे टाकला की आपल्याला पलीकडचं दिसेल पण त्याला आपण दिसणार नाही, हे लोकांनी वर्षानुवर्षं घोटून ठेवलं होतं. आता धूर ही जागेत असलेली वस्तू आहे. बोळात टाकला तर बोळ भरतो, मोकळ्यावर टाकला तर पसरतो, दारातून पलीकडे ओघळतो. सगळ्यांना एकच धूर दिसतो. त्यातून गोळ्या झाडल्या की तेवढ्यापुरतं भोक पडतं. ग्रेनेड फोडला की क्षणभर पडदा बाजूला होतो आणि पुन्हा मिटतो. मिडमध्ये एकाने असा ग्रेनेड फेकला, धूर फाकला, आत तिघं उभे दिसले, आणि मला आपल्या कॅफेतली तुझी किंकाळी ऐकू आली.

आणखी एक. आता मान खाली घातली की स्वतःचे पाय दिसतात. आपण इतकी वर्षं बिनपायाचे, नुसती एक बंदूक होऊन पळत होतो. बी टनेलच्या तोंडाशी उभं राहून मी कितीतरी वेळ स्वतःचे बूट बघत होतो.

म्हणजे "चित्रंच तर बदलली" हे तुझं म्हणणं इथे चुकतं. या खेळात चित्र ही माहिती असते. सावली कोपऱ्यातून आधी आली की माणूस येतोय हे कळतं. धूर कसा वागतो यावर राउंड जातो. उजेड वाढला तर लपायची जागा जाते. तुझ्या टनेलमधला अंधार आता तसा राहिलेला नाही. तिथे दबा धरण्यावर ज्याने हजारो तास घातले, तो चिडणारच.

मला मात्र सगळ्या तक्रारी सारख्या वाटत नाहीत. "फार झगमगीत झालंय" म्हणणाऱ्यांना मी महिनाभर खेळा म्हणतो, डोळा बसतो. पण "भिंतीआड गेलो तरी मेलो" ही तक्रार खरी आहे, माझ्यासोबत दहा वेळा झालंय. पूर्वी सर्व्हर सेकंदाला चौसष्ट वेळा हिशेब करायचा, काही खासगी सर्व्हर एकशे अठ्ठावीस वेळा. आता दोन हिशेबांच्या मधे तू नेमका कधी घोडा दाबलास हेही तो धरतो. कागदावर हे जास्त न्यायाचं आहे. हाताला मात्र ते अजून लागत नाही, मुंबईच्या सर्व्हरवर पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जायला-यायला लागणारा वेळ, चांगला असूनही. डावखुऱ्यांसाठी बंदूक डाव्या हातात घ्यायची सोय होती, ती सुरुवातीला गेली. ट्रेन नावाचा जुना मॅप सुरुवातीला आलाच नाही. डायरेक्टएक्स ९ या जुन्या ग्राफिक्स यंत्रणेच्या मशिनांना आणि मॅकला तर वगळूनच टाकलंय. म्हणजे तुझ्या लॅपटॉपवर हे काही चालायचं नाही.

आणि आता ते मघाचं. १.६ आणि सोर्स आजही मिळतात, कुणीही घेऊन खेळावं. पण हा नवा, ग्लोबल ऑफेन्सिव्हच्या शेजारी नाही आला, त्याच्या जागी आला. एका रात्रीत जुनं नाव गेलं, आयकॉन गेला. जुनी आवृत्ती मागच्या दाराने उतरवून घेता येते, पण १ जानेवारीपासून तिचा आधार काढलाय. अकरा वर्षं लोक तिथे राहत होते रे! पोरांचा राग धुरावर किंवा उजेडावर आहे असं मला वाटत नाही. त्यांना परतीची वाट ठेवली नाही, याचा तो राग आहे. आपल्याला ती वाट होती. पाचव्या दिवशी आपण दुसऱ्या मशिनवर जाऊन बसलो आणि राग तिथेच संपला.

हे दुसरीकडे घडलंय म्हणून मी हट्टानं बोलतोय. रुनस्केप नावाचा ऑनलाइन खेळ असाच बदलत बदलत ओळखू येईनासा झाला. शेवटी २०१३ मध्ये खेळाडूंचं मतदान घेतलं आणि ऑगस्ट २००७ ची जपून ठेवलेली प्रत पुन्हा सुरू केली. ती आजही जोरात चालू आहे, नव्याच्या शेजारी. तेवढंच हवं होतं. नवं मला आवडलंय, मी ते खेळणार. पण जुन्याचं दार किलकिलं ठेवायला हवं होतं.

तो तळघरातला कॅफे तर केव्हाच गेला. तिथे आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या आठवड्यात स्क्रीन बदलायला उतरलो तर पायरी अजून तीच, तिसरी फुटकी. पाय आपोआप चौथीवर पडला.

माझ्याकडे १.६ ची प्रत आहे आणि माळ्यावर दोन जुनी मशिनं. दोन्ही चालतात, कालच लावून बघितली. शिवजयंतीला जोडून सुटी काढ. सोमवार येतोय, शनिवारीच निघ. वायर मी आणून ठेवतो. काकूंना नमस्कार सांग, आणि उद्याचा तिळगूळ राखून ठेवतोय.

तुझा,
कॅटवॉकवाला