शेवटचा कागद बाबांना वाचून दाखवू नकोस

शेफील्ड, इंग्लंड,
सप्टेंबरअखेर

ती. आईस,
शि. सा. नमस्कार. बाबांनाही सांग.

मी बरी आहे, वेळेवर जेवते, रात्रपाळ्या कमी झाल्यात. हे फोनवर सांगून झालंय, तरी लिहिते, कारण पाकीट फोडल्यावर तू आधी तेच शोधशील. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पत्र तूच वाचून दाखवतेस, म्हणून एक सूचना आहे. शेवटचा कागद वेगळी घडी घालून ठेवलाय. तो तुझ्यापुरता.

दादानं माझ्या परसाचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले आणि तेव्हापासून बाबांचं एकच चाललंय : पोरगी नर्स म्हणून गेली की गडी म्हणून? बाबा, गडी इथंही मिळतात. तासावर पैसे घेतात. एकाला बोलावून दाखवलं, त्यानं सांगितलेला आकडा ऐकून त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. तेवढ्या पैशात आपल्या आगराची दोन वर्षांची बेणणी झाली असती.

आणि 'परक्याच्या जागेत घाम कशाला' याचंही उत्तर देते. इथं भाड्याच्या करारातच लिहिलेलं असतं की परसू भाडेकरूनं नीट ठेवायचं. हे घर ज्या आजोबांचं होतं ते वारले, मुलांनी खोल्या रंगवून घर भाड्यानं दिलं, मागचं रान तसंच ठेवलं. मग एजन्सीची बाई पाहणीला आली आणि पत्र पाठवलं की परसू साफ करा, नाहीतर अनामतीतून कापू. अनामत म्हणजे पाच आठवड्यांचं भाडं. जंगल त्यांचं, दंड मला! मी राहायला आल्या दिवशीच फोटो काढून ठेवले होते ते पाठवले आणि तो विषय तिथंच मिटला. मिटल्यावर मला काम सोडून देता आलं असतं. पण तोवर हात लागला होता आणि पायरीपासून ओढ्यापर्यंत जमीन दिसायला लागली होती.

सापांची काळजी करू नका. अख्ख्या ब्रिटनमध्ये विषारी साप एकाच जातीचा, तोही माळरानावर राहणारा. फुरसं इथं नाही. आपल्याकडे गडग्यात हात घालताना तुम्ही जेवढ्या शिव्या घालता, त्यातली एकही मला इथं घालावी लागत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे. मी रोज दुसऱ्यांना इंजेक्शनं देते, माझंच कशी विसरेन?

काटे मात्र भरपूर. ब्लॅकबेरीची जाळी होती. तिच्या फांदीचा शेंडा वाकून जमिनीला टेकला की तिथंच मूळ धरतो, तिथून नवी फांदी निघते, ती पुढे जाऊन टेकते. अशी टेकत टेकत कुंपणापासून स्वयंपाकघराच्या पायरीला आली होती. वरवर छाटून काही होत नाही, बुडखा खणून काढावा लागतो. आम्ही आधी फांद्या गुडघ्याएवढ्या ठेवून कापल्या, म्हणजे धरायला काहीतरी राहतं, आणि मग बुडखे खणले. त्याहून वाईट बाइंडवीड. गारवेलीच्या कुळातली वेल, फुलं पांढरी आणि देखणी, पण जमिनीत शेवयांसारखी पांढरी मुळं पसरलेली. तुटलेला प्रत्येक तुकडा पुन्हा उगवतो. ती संपली असं म्हणत नाही. दिसली की काढते.

फावडं जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलं. पात्यावर 'शेफील्ड' कोरलेलं आहे. बाबा, तुमच्या दाढीच्या जुन्या वस्तऱ्यावर आहे ना, तेच हे गाव. लोखंडाचंच गाव. स्टेनलेस स्टील 1913 साली इथल्याच प्रयोगशाळेत निघालं, म्हणजे आईच्या मांडणीवरच्या डब्यांचा इथल्याशी जुना संबंध आहे. फावडं उत्तम आहे. दांडा बदलावा लागला.

जाळी निघाल्यावर खाली रुबार्बचे गड्डे सापडले. या यॉर्कशरात रुबार्बचं फार कौतुक, वेकफील्डकडे तर अंधाऱ्या शेडमध्ये वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात काढतात. लाल देठ खायचे, चवीला अंबाडीच्या वरताण आंबट. इथले लोक साखर घालून गोड करतात. मी गूळ आणि मेथीदाणे घालून मेथांब्यासारखं केलं, चांगलं लागलं. पानं विषारी असतात. आई, घाबरू नकोस. पानं कोणीच खात नाही, मीही खाल्ली नाहीत.

एप्रिलात कुंपणावर चढलेली आयव्हीची वेल ओढायला घेतली तर शेजारच्या आजीबाई धावत आल्या. आत ब्लॅकबर्डचं घरटं होतं. वापरातलं घरटं मुद्दाम मोडणं इथं 1981 च्या कायद्यानं गुन्हा आहे. म्हणून मार्च ते ऑगस्ट कुंपणाला हात लावायचा नाही. एवढं मला पटलं. पण पुढचं नीट ऐक, कारण मलाच समजायला वेळ लागला.

ऑगस्ट सरल्यावर आयव्ही काढली, खालची फळी कुजलेली निघाली, मालकांनी नवं लाकडी कुंपण घालून दिलं. चांगलं मजबूत. दुसऱ्या दिवशी आजीबाई करवत घेऊन हजर! म्हणाल्या, खाली एक भोक पाडू या का? मला वाटलं, पाण्याच्या निचऱ्यासाठी. तर ते हेजहॉगसाठी. हेजहॉग म्हणजे वीतभर लांबीचा काटेरी प्राणी, साळिंदरासारखे काटे पण लहान, घाबरला की गोळा होऊन बसतो. तो रात्री किलोमीटर-दोन किलोमीटर हिंडतो, किडे, अळ्या, गोगलगायी खातो. सगळ्यांनी कुंपणं घट्ट केल्यामुळे त्याची वाट बंद झाली आणि त्यांची संख्या घटली. म्हणून 2011 पासून इथल्या दोन प्राणिप्रेमी संस्थांची मोहीम चालू आहे : प्रत्येकानं आपल्या कुंपणाला 13 सेंटिमीटर लांब आणि तेवढंच रुंद भोक ठेवायचं. त्याहून मोठं नको, कुत्री जातात. लहान केलं तर तो अडकतो. एका घरानं ठेवून भागत नाही, ओळीनं सगळ्यांनी ठेवायचं, म्हणजे त्याचा रस्ता तयार होतो. त्याला दूध द्यायचं नाही, पचत नाही. वाटीत पाणी आणि मांजराचं खाणं ठेवायचं. कोपऱ्यात लाकडं आणि पाला रचून ठेवायचा, म्हणजे थंडीत तो तिथं झोपेल. नोव्हेंबरात शेकोटी करतात, तेव्हा ढीग आधी हलवून बघायचा, आत तो नाही ना.

आपण गडग्याची भोकं बुजवतो, वर काट्या लावतो, तरी डुकरं शिरतातच. आणि इथं पैसे खर्चून कुंपण घालायचं आणि मग करवतीनं भोक पाडायचं. हेच लोक शेजाऱ्याचं नाव विचारायला वर्ष लावतात. बाबा, तुम्ही हसाल, हसा. पण पडवीच्या वळचणीला चिमण्यांसाठी मडकं कोण बांधतं? भोक पाडलंय. आजीबाईंचं नावही तेव्हाच कळलं.

अजून एक राहिलं. मागच्या ओढ्याकाठी गुलाबी फुलांचं पुरुषभर रान माजलं होतं. शेंगेला बोट लावलं की फटकन फुटते. मी हात लावला आणि ओळखलं, तेरड्याची बहीण! हिमालयातली. 1839 मध्ये शोभेचं झाड म्हणून इथं आणली, आता सगळ्या ओढ्यांचे काठ गिळलेत तिनं. शेंग फुटली की बी सात मीटरपर्यंत उडतं. लोक सुट्टीच्या दिवशी जमून ती उपटायला जातात. मुळं वरच्या वर असतात, एका हातानं निघते. बी धरण्याआधी उपटून तिथंच कुजवायची. सगळी काढली, एक झाड तेवढं गौरींपर्यंत ठेवलं. त्याचे तुरे तांब्यात ठेवून हळदीकुंकू वाहिलं, नैवेद्याला भाकरी आणि मेथीची भाजी. मेथी परसातली. विसर्जनाच्या दिवशी ते झाडही उपटलं. फोटो पाठवला नव्हता, कारण तू रडली असतीस आणि मग वहिनीला तुला समजवायला लागलं असतं.

आता पैशाचं. दादाच्या खात्यावर पन्नास हजार पाठवलेत. ते आगराची बेणणी आणि वरच्या अंगाचा गडगा यासाठी आहेत, बँकेत ठेवून मला पासबुक दाखवण्यासाठी नाहीत. दादाच्या व्हिडिओत विहिरीची वाट दिसली नाही. रानमोडीच दिसली. मी मागे नेऊन परत पाहिला. मी काही बोलत नाही, बाबांच्या गुडघ्यांचं मला माहीत आहे. फक्त दिवाळीनंतर गवत वाळायच्या आत माणसं लावा, वणव्याची भीती नको.

दिवाळीला येणं होत नाही. मे महिन्यात नक्की येते. घराचा करार वर्षभर वाढवला, भाडं वाढवलं नाही म्हणून. परसात लसूण लावायचाय. इथं तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात, थंडी खाल्ल्याशिवाय गड्ड्याला पाकळ्या धरत नाहीत. जुलैत निघेल.

बाबांना, दादा-वहिनीला नमस्कार. पोरांना पापे.

तुझी धाकटी

(हा वेगळा कागद)

आई, वहिनीनं फोटो मोठा करून विचारलं की पायरीवरचे गमबूट कोणाचे. माझ्या मापाचे नाहीत हे तिनं बरोबर ओळखलं. वर मी 'आम्ही बुडखे खणले' असं लिहिलंय, बाबांनी विचारलं तर मैत्रिणी म्हण.

आमच्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, केरळातला, त्रिशूरकडचा. निम्म्याहून जास्त बुडखे त्यानंच काढले, फावड्याचा दांडाही त्यानंच बसवला. मासे खातो, नारळ आपल्यापेक्षा जास्त घालतो. घराण्याचं तू विचारशीलच, ते फोनवर सांगेन, दुपारी, बाबा झोपल्यावर. तेरड्याचा रंग तीन दिवस असं म्हणू नकोस. वर्ष उलटून गेलंय.

पुण्याच्या स्थळाला नाही म्हणा. मुलगा चांगला आहे, पत्रिका जुळते हेही वाचलं, म्हणून तर त्यांना ताटकळत ठेवू नका. मुलगी एवढ्यात परत येत नाही असं सांगा, ते खरंच आहे.

बाबांना कधी सांगायचं ते तू ठरव. गडग्याचं काम चालू असताना नको, तेव्हा ते कोणाचंच ऐकत नाहीत. आणि पैसे आले का ते दादाला विचारून मला कळव. तो स्वतःहून सांगत नाही.