आई-बाबांस, क्लोदी एन्येरे यांच्याविषयी

पॅरिस, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी पाठवलेल्या फोटोत शाळेच्या पाटीवर कोणाचे नाव होते, असे आईने विचारले होते. फोनवर ते घाईघाईत सांगावेसे वाटले नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

ते नाव क्लोदी एन्येरे यांचे, म्हणजे अंतराळात गेलेल्या पहिल्या फ्रेंच महिलेचे. त्यांचा जन्म 1957 साली फ्रान्सच्या बरगंडी भागातील ल क्रझो या लोखंड-पोलादाच्या गावी झाला. पुढे त्या डॉक्टर झाल्या, आणि आई, तुझे गुडघे ज्यामुळे दुखतात त्या संधिवाताच्याच तज्ज्ञ झाल्या. पॅरिसच्या कोशँ रुग्णालयात काम करत असताना फ्रान्सच्या अंतराळ संस्थेला उमेदवार हवे असल्याची सूचना त्यांनी पाहिली आणि अर्ज केला. 1985 मध्ये निवडल्या गेलेल्या सात जणांत त्या एकट्याच महिला होत्या.

प्रत्यक्ष उड्डाणाला मात्र त्यानंतर 11 वर्षे लागली, आणि मला त्यांच्या आयुष्यातला हाच भाग सर्वांत मोठा वाटतो. या काळात त्यांनी 1992 मध्ये मेंदूविज्ञानात डॉक्टरेट मिळवली, रशियन भाषा आत्मसात केली, आणि 1993 च्या मोहिमेसाठी मॉस्कोजवळच्या प्रशिक्षण केंद्रात राखीव अंतराळवीर म्हणून सगळी तयारी करून, आयत्या वेळी दुसऱ्याला निरोप देऊन त्या जमिनीवरच राहिल्या. अखेर ऑगस्ट 1996 मध्ये त्या ‘मीर’ या रशियन अंतराळ स्थानकावर गेल्या आणि 16 दिवसांच्या त्या मोहिमेत त्यांनी वजनरहित अवस्थेत शरीरावर होणाऱ्या परिणामांचे आणि सॅलमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या अंड्यांवरचे प्रयोग केले. 1999 मध्ये सोयूझ हे रशियन अंतराळयान पृथ्वीवर परत आणण्याचे नेतृत्व करण्यास पात्र ठरलेल्या त्या पहिल्या महिला होत्या, आणि 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचलेल्या पहिल्या युरोपीय महिलाही त्याच. नंतर त्या फ्रान्सच्या संशोधनमंत्री झाल्या. पण मंत्रिपदापेक्षा शाळांच्या पाट्यांवरचे त्यांचे नाव मला जास्त मोलाचे वाटते. 1996 चे ते उड्डाण पाहून अंतराळवीर होण्याचे ठरवलेली 14 वर्षांची एक मुलगी, सोफी आदनो, 2022 मध्ये युरोपच्या अंतराळवीरांत निवडली गेली.

बाबा, माझा प्रबंध लांबला याची काळजी तुम्ही बोलून दाखवत नसलात तरी मला ती जाणवते. क्लोदी एन्येरे यांना येथे कौतुकाने ‘बाक प्लस 19’ म्हणत, म्हणजे बारावीनंतर 19 वर्षे शिकलेली. मला इतकी वर्षे लागणार नाहीत; दोन प्रकरणे लिहून झाली आहेत आणि तिसरे दिवाळीपर्यंत पूर्ण करीन.

तुम्ही इकडे याल तेव्हा आपण ला व्हिलेतच्या विज्ञान संग्रहालयात जाऊ. ते ज्या संस्थेच्या अखत्यारीत आहे, तिच्या क्लोदी एन्येरे अध्यक्षा होत्या. आई, तेथे चालावे बरेच लागते, म्हणून गुडघ्यांचे व्यायाम आतापासूनच नियमित करत जा.

तुमची,
मोठी