माझं नाव सगळ्यात हळू ग्रुपात आहे

ती. आई आणि बाबांना सा. न.

शर्यतीच्या ट्रॅकवर मोटारसायकल चालवायला जाणार असं सांगितल्यापासून तुम्हा दोघांच्या जिवाला घोर लागला आहे, हे मला कळतं. फोनवर समजवायला गेलं की आई "जा, पण..." म्हणते आणि त्या 'पण'पुढे आमचं बोलणं सरकत नाही. बाबा तर काहीच बोलत नाहीत. ते मला जास्त जड जातं. म्हणून मी कुठल्या दिवशी, कुठल्या ग्रुपात, काय विचार करून नाव घातलं ते सगळं नीट लिहून कळवते. वाचून झाल्यावर काळजी पूर्ण जाईल असं म्हणत नाही, पण ती निदान खऱ्या गोष्टींची असेल.

बाबा, तुम्ही मोटोजीपीच्या बाईक शर्यती बघता, त्यामुळे ट्रॅक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे तेच येत असणार. २०२३ साली इटलीतल्या मुजेल्लोच्या ट्रॅकवर ब्रॅड बाइंडर या स्वारानं ताशी ३६६.१ किलोमीटरचा वेग गाठला होता. त्या जगाचा आणि मी जाते आहे त्या दिवसाचा संबंध डांबरापुरता. ट्रॅक-डेला, म्हणजे पैसे भरून ट्रॅकवर गाडी चालवायच्या अशा दिवशी, नंबर लागत नाहीत, बक्षीस नसतं, आणि बरेच आयोजक लॅपची, म्हणजे एका फेरीची, वेळ मोजायलाही मनाई करतात, कारण घड्याळ लावलं की माणूस शर्यत करायला लागतो. तिथे जायचं ते शिकायला.

आणि शिकायला ट्रॅकच का, हे आईला सांगायचं आहे. रस्त्यावर एखादं वळण चुकलं तर ते पुन्हा तसंच मिळत नाही. समोरून ट्रक येतो, कडेला खडी सांडलेली असते, वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. आपण कसंबसं निभावतो आणि पुढे जातो, शिकत काहीच नाही. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेनं जातात, समोरून कुणी येत नाही, आणि तेच वळण दर फेरीला पुन्हा समोर येतं. मागच्या वेळी ब्रेक उशिरा सोडला असेल, तर तो या वेळी थोडा आधी सोडून फरक काय पडतो ते लगेच कळतं. रस्त्यावर सुरक्षित राहण्यासाठी जे हातात बसायला हवं, ते बसवायची याहून चांगली जागा मला माहीत नाही.

पण हे सगळं खरं ठरतं ते आपल्या कुवतीचा दिवस निवडला तर. सगळा धोका आणि सगळा फायदा त्या निवडीवर ठरतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

साधारणपणे लोकांना तीन ग्रुपांत वाटतात: नवखे, मधले आणि वेगवान. एका ग्रुपाला तासातली वीस मिनिटं मिळतात, बाकीचा वेळ विश्रांतीचा. आपण कुठल्या ग्रुपात बसतो हे बहुतेक ठिकाणी ज्याचं त्यानंच फॉर्मवर लिहायचं असतं, आणि तिथेच गडबड होते. पुष्कळ जण लिहितात, "मी इतकी वर्षं गाडी चालवतो, लांबलांबच्या सफरी केल्या आहेत," आणि मधल्या ग्रुपात नाव घालतात. हमरस्त्यावर हजारो किलोमीटर सरळ गाडी चालवल्यानं वळणाचं कसब येत नाही. गाडी किती सीसीची आहे यावरून तर काहीच ठरत नाही.

मी स्वतःला तीन प्रश्न विचारले. एकच वळण लागोपाठ घेतलं तर माझी गाडी दर वेळी त्याच जागेवरून जाते का? माझे ब्रेक वळणाआधी पूर्ण होतात, की आत शिरल्यावर घाबरून पुन्हा दाबले जातात? आणि शेजारून कुणी जोरात पुढे गेलं तर माझी लाईन, म्हणजे वळणातली वाट, तशीच राहते का? पहिल्याचं उत्तर 'कधीकधी' आलं, दुसऱ्याचं 'अजून नाही'. तिसऱ्याचं तर ट्रॅकवर गेल्याशिवाय कळणारच नाही. अशी उत्तरं असताना नवख्यांच्या ग्रुपाखेरीज दुसरीकडे नाव घालणं म्हणजे उसनं अवसान आणणं झालं असतं.

बाबा, तुम्हाला आकडे आवडतात म्हणून एक हिशेब देते. ५० मीटर त्रिज्येचं वळण धरा. ताशी ६० किलोमीटरनं ते घ्यायचं तर तोल राखायला गाडी साधारण ३० अंश कलावी लागते. वेग ७० केला की तोच कल ३८ अंशांच्या आसपास जातो. फक्त दहानं वेग वाढला आणि अंगाला जाणवणारा फरक एवढा मोठा, कारण वळणात बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो. ब्रेकचंही तेच: ताशी १०० ऐवजी १४० नं आलं तर थांबायला जवळपास दुप्पट अंतर लागतं. जो आपल्याहून वेगवान ग्रुपात शिरतो तो नकळत या दहा-वीस किलोमीटरच्या मागे ओढला जातो. पुढचा माणूस गेला म्हणून आपणही त्याच वेगानं आत शिरतो. मग भीती वाटते, हात हँडल आवळून धरतात, नजर पुढच्या वळणाऐवजी कडेच्या मातीवर जाते, आणि नजर जिथे जाते तिथेच गाडी जाते. टायरला अजून पकड असते, हार माणसानं आधीच मानलेली असते.

ग्रुप ठरला तरी काम संपलं नव्हतं. नवख्यांचा ग्रुप सगळीकडे सारखा चालवत नाहीत. मी आयोजकांना सगळ्यात आधी ओव्हरटेकचा नियम विचारला. आई, हा प्रश्न तुझ्या काळजीचा आहे असं समज. नवख्यांना चांगल्या ठिकाणी फक्त सरळ पट्ट्यावर पुढे जाऊ देतात, किंवा वळणात जायचंच तर बाहेरच्या बाजूनं आणि मध्ये दीड-दोन मीटर अंतर सोडून. आतल्या बाजूनं घुसलेलं दिसलं की काळा झेंडा दाखवून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या थांबवायच्या जागेत, बोलावतात. एका ठिकाणी मला उत्तर मिळालं, "सगळे समजूतदार असतात, सांभाळून घेतात." तिथे मी नाव घातलं नाही. समजूतदारपणावर माझा विश्वास आहे, पण हेल्मेटच्या आत माणसाला मागचं काही दिसत नाही, आणि आरसे तर आधीच काढायला किंवा दुमडायला सांगतात. अशा वेळी नियमच लागतो.

दुसरं एक ठिकाण फार आकर्षक होतं. तिथे ग्रुपच नव्हते, दिवसभर ट्रॅक खुला, हवं तेव्हा आत जा, हवं तेव्हा बाहेर या. ज्यांचा हात बसलेला आहे त्यांच्यासाठी ती पद्धत चांगली आहे, कारण रांग नाही, घाई नाही. पण तिथे एकाच वेळी शर्यतीची गाडी आणि माझ्यासारखी शिकाऊ मुलगी एकाच वळणावर असणार. वेगातला तो फरकच मला घातक वाटतो. कधी काळी जाईनही, आत्ता नाही.

मी निवडलेल्या दिवशी नवख्यांबरोबर प्रशिक्षक असतात, आणि एका प्रशिक्षकामागे मोजकेच जण. पहिलं सेशन, म्हणजे पहिली वीस मिनिटं, सगळं त्याच्या मागे, रांगेनं, ओव्हरटेक बंद. वळणात कुठून शिरायचं, आतल्या कडेजवळून कुठे जायचं आणि बाहेर कुठे पडायचं, या तिन्ही जागांवर डांबराच्या कडेला छोटे शंकू ठेवतात. सरळ पट्ट्याच्या शेवटी २०० आणि १०० मीटरचे फलक असतात. पहिल्या दिवशी माझं काम एवढंच: २०० चा फलक आला की थ्रॉटल सोडायचा, ब्रेक हळूहळू दाबायचा, शिरण्याच्या शंकूपर्यंत वेग उतरवून ठेवायचा, आणि गाडी वळायच्या आधी नजर आतल्या शंकूवर न्यायची. तो जवळ आला की त्याच्याकडे बघणं सोडून बाहेरच्याकडे. हे इतकं सोपं लिहिता येतं, पण गाडी कललेली असताना जवळची वस्तू सोडून लांब बघायला मन तयार होत नाही. ते वळवायचं आहे. वेग त्यानंतर आपोआप येतो, आणि नाही आला तरी मला चालेल.

ट्रॅकही बघून घेतला. नवख्यासाठी तो छोटा, मध्यम वेगाचा, आणि वळणाबाहेर भरपूर मोकळी जागा असलेला हवा. गाडी भरकटली तर भिंतीवर जाण्याऐवजी गवतात किंवा खडीत जाऊन थांबायला हवी. लांबही नको, कारण लांब ट्रॅकवर तेच वळण पुन्हा यायला वेळ लागतो आणि तोवर आपण काय केलं ते विसरतो. बाबा, तुम्ही मला जर्मनीतल्या नूरबुर्गरिंगच्या जुन्या ट्रॅकबद्दल विचारलं होतं ना, लोक पैसे भरून गाड्या नेतात तो? तो २० किलोमीटरहून लांब आहे, वळणं सत्तरीच्या पुढे, बऱ्याच ठिकाणी कठडा रस्त्याला लागून, आणि सर्वांसाठी खुला असतो त्या वेळी २०२४ पर्यंत मोटारी आणि बाईक एकत्र धावायच्या; २०२५ पासून त्या वेळी बाईकना मनाई आहे. तिथे जायची हौस मलाही आहे, पण शिकायला सुरुवात करायची ती जागा नव्हे.

गाडी माझीच नेणार आहे. भाड्यानं मोठी आणि ताकदवान गाडी मिळत होती. पण नवी जागा आणि नवी गाडी एकाच दिवशी नको, असं मला वाटलं. माझ्या गाडीचा क्लच कुठे धरतो, ब्रेक किती दाबला की पुढचं नाक खाली जातं, हे बोटांना माहीत आहे. लहान गाडीवर सरळ पट्ट्यावर सगळे पुढे जातील, जाऊ देत. वळणात तीच गाडी जास्त शिकवते, कारण चूक ताकदीखाली झाकली जात नाही.

पोशाखाचं थोडक्यात सांगते. मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध लेदर सूट, पाठीचं संरक्षक, मनगट झाकणारे हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंत बूट, आणि फुल फेस हेल्मेट. सूटमध्ये एअरबॅग असलेलं जॅकेटही घालणार आहे. मी पडायला लागले की ते माझ्याआधी ओळखतं आणि छाती-खांद्यांभोवती फुगतं. यात मी काटकसर केलेली नाही.

सकाळी गाडीची तपासणी होते. ब्रेकचे पॅड, चेनचा ताण, टायरची जाडी, कुठे तेल किंवा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गळतंय का, सगळं हात लावून बघतात. दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टी लावायची असते, म्हणजे गाडी पडली तर काचेचे तुकडे डांबरावर पसरत नाहीत. कूलंटऐवजी साधं पाणी भरायला सांगणारी ठिकाणंही आहेत, कारण कूलंट सांडलं की ते निसरडं राहतं आणि लवकर निघत नाही. अशा बारीकसारीक गोष्टींत कोण किती काटेकोर आहे, त्यावरून तो दिवस कसा चालवला जाईल याचा अंदाज येतो. तपासणी करताना जो कंटाळतो, त्याच्या भरवशावर मी वळणात शिरणार नाही.

त्यानंतर झेंडे समजावतात. पिवळा म्हणजे पुढे काहीतरी झालंय, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, मागे कुणी आहे याचं भान ठेवून सावकाश पिटमध्ये. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे डांबर निसरडं आहे. झेंडा दाखवणारा मार्शल कुठे उभा असतो ते मी प्रत्येक वळणाबरोबर पाठ करणार आहे. रुग्णवाहिका आणि डॉक्टर जागेवर असल्याशिवाय ट्रॅक उघडत नाहीत का, हेही विचारून घेतलंय. उघडत नाहीत.

काही गोष्टी मी स्वतःशी ठरवल्या आहेत. प्रत्येक सेशनच्या पहिल्या फेऱ्या हळू, कारण थंड टायर धरत नाही. पाऊस आला तर बाहेर बसेन, भरलेले पैसे गेले तरी. दुपारनंतर पाय थरथरायला लागले किंवा ब्रेकची जागा चुकायला लागली तर शेवटचं सेशन सोडून देईन. वीस मिनिटं ऐकायला कमी वाटतात, पण त्या सूटमध्ये उन्हात प्रत्येक सेशननंतर माणूस घामानं निथळतो. थकलेल्या अंगाला आपण थकलोय हे सगळ्यात उशिरा कळतं. आणि प्रशिक्षकानं मधल्या ग्रुपात जा म्हटलं तरी पहिल्या दिवशी जाणार नाही.

गाडीच्या विम्याचंही बघितलं. रस्त्यासाठीचा विमा ट्रॅकवर सहसा लागू होत नाही. गाडीचं काही झालं तर तो खर्च माझा, आणि तेवढे पैसे बाजूला ठेवलेले आहेत. जोखीम माझी आहे असं लिहिलेल्या कागदावर सही करावी लागते. तो कागद मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आहे.

आता तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. तातडीच्या संपर्कासाठी मी बाबांचा नंबर दिला आहे, तेव्हा बाबा, त्या दिवशी फोनचा आवाज चालू ठेवा. माझा फोन मात्र दिवसभर बॅगेत असेल. मी उचलला नाही तर घाबरू नका, गाडी टेम्पोत बांधायच्या आधी मीच फोन करेन. आणि आई, लहानपणी मला कुठल्यातरी गोळीनं अंगभर पुरळ उठलं होतं ना, तिचं नाव तुझ्या जुन्या फाईलमध्ये बघून कळव. फॉर्मवर रक्तगटाखाली तेवढा एक रकाना रिकामा आहे.

तुमची लेक