घर बघताना भिंतीतली वायरही बघा

महोदय,

पुनर्विकासामुळे मुंबईत घर बदलणाऱ्यांची संख्या सध्या मोठी आहे. कुणी बिल्डरच्या भाड्यावर इमारत पूर्ण होईपर्यंत दुसरीकडे राहतो, कुणी दादर-परळ सोडून कायमचा ठाण्या-डोंबिवलीकडे वळतो. यांत प्रोग्रॅमर पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेचजण आठवड्याचे काही दिवस घरूनच काम करतात. वास्तुविषयक पुरवण्यांत कार्पेट एरिया, पार्किंग, स्टेशनपासूनचे अंतर यांवर भरपूर वाचायला मिळते. पण ज्या घरात दिवसाचे आठ-नऊ तास काम व्हायचे आहे, तिथली वीज आणि इंटरनेट कसे तपासावे, हे फारसे कुणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

‘इथे सगळ्या कंपन्यांचे नेट येते’ हे एजंटचे वाक्य टोकन देण्याआधी स्वतः पडताळून पाहावे. मीटर रूममध्ये आणि जिन्यातल्या डक्टमध्ये कोणकोणत्या कंपन्यांच्या पेट्या आहेत ते बघावे आणि त्याच मजल्यावरच्या शेजाऱ्याला विचारावे. आणखी एक प्रश्न हमखास विचारायचा: फायबर, म्हणजे प्रकाशातून नेट आणणारी काचेची बारीक तार, थेट घरात येते, की तळमजल्यावरच्या नेटवर्क स्विचपर्यंतच (एक लाइन अनेक घरांत वाटणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या पेटीपर्यंतच) येते आणि तिथून वर लॅन केबल चढवलेली आहे? हा फरक लाइट गेल्यावर कळतो. घरापर्यंत फायबर असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला) वीज लागत नाही, त्यामुळे आपला राऊटर बॅटरीवर चालू ठेवला की नेटही बहुधा चालू राहते. स्विचवाल्या जोडणीत मात्र तळमजल्यावरचा स्विच बंद पडला की वर कितीही मोठा इन्व्हर्टर असो, उपयोग शून्य.

जोडणी झाल्यावर लाइनमन निघण्याआधी त्याच्याकडून फायबरवरच्या प्रकाशाची पातळी मोजून घ्यावी. ओएनटीच्या, म्हणजे फायबर घरात जिला जोडतात त्या पेटीच्या, सेटिंग्जच्या पानावरही ती दिसते. जीपॉन या नेहमीच्या घरगुती फायबर जोडणीत हा आकडा साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचे माप; उणे जितके मोठे तितका प्रकाश क्षीण) दरम्यान लागतो. उणे १८-२० असेल तर निश्चिंत राहावे. उणे २५-२६ असेल तर आज नेट चालेल, पण पुढे कुठे थोडा जरी बिघाड झाला की ओएनटीवरचा लाल दिवा लुकलुकू लागेल. पातळी घसरण्याची कारणे ठरलेली असतात: खिडकीच्या सरकत्या झडपेत दाबलेली वायर, कपाट भिंतीला टेकवताना काटकोनात मोडलेली वायर, धूळ बसलेला कनेक्टर, नाहीतर घाईत मारलेला जोड. फायबरला वळण देताना त्याची गोलाई तळहाताच्या रुंदीपेक्षा लहान नको. हिरवा कनेक्टर हिरव्यातच बसवायचा. त्याचे टोक तिरके घासलेले असते. निळ्यात घातला तर बसतो, पण प्रकाश वाया जातो.

ओएनटी सहसा दारापाशी बसते आणि कामाचे टेबल आतल्या खोलीत असते. मध्ये बीम, टाइल्स लावलेली बाथरूमची भिंत आणि आरशाचे कपाट आले की वाय-फायची वाट लागते. त्यावर महागडा राऊटर घेण्याआधी, सामान लावायच्या अगोदरच टेबलापर्यंत कॅट-६ प्रकारची लॅन केबल ओढून घ्यावी. १०० मीटरपर्यंत ती व्यवस्थित चालते, मुंबईतल्या घरात पंधरा-वीस मीटरवर भागते. केबल पूर्ण तांब्याचीच मागावी; ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल वळणावर तुटते. विजेच्या वायरच्या पाइपमधून ती कधीही नेऊ नये.

कंपनी बदलल्यावर प्रोग्रॅमरला छळणारा एक बिघाड असतो, तो ओळखायला अवघड. साइट उघडतात, व्हिडिओ चालतात, व्हीपीएनही (ऑफिसच्या नेटवर्कमध्ये नेणारी सुरक्षित वाट) जोडले जाते, पण कोड पाठवायला घेतला की मध्येच सगळे गोठते. बऱ्याचदा दोष पॅकेटच्या, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याच्या, आकाराचा असतो. पीपीपीओई जोडणीत (युजरनेम-पासवर्ड टाकून चालू होणाऱ्या) १५०० ऐवजी १४९२ बाइटचेच पॅकेट जाते, त्यात व्हीपीएनचे वेष्टण चढले की मोठी पॅकेट वाटेतच गळतात. पॅकेटचे तुकडे करायला मनाई ठेवून १४६४ बाइटचा पिंग (चाचणीचे पॅकेट) मारावा. त्यावर २८ बाइटचे हेडर चढून बरोबर १४९२ होतात. तो गेला आणि १४७२ चा अडला, तर निदान पक्के. व्हीपीएनचा एमटीयू (पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा) १४०० वर आणला की बहुतेक वेळा काम सुरळीत होते. ऑफिसच्या हेल्पडेस्कला सहसा हे सुचत नाही. ते लॅपटॉप नव्याने फॉरमॅट करायला सांगतात.

विजेकडे याहून अधिक गांभीर्याने बघायला हवे. पागडीच्या आणि जुन्या चाळींच्या घरांत सॉकेटला तिसरे भोक असते, पण अनेकदा त्यामागे वायरच नसते. चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर अर्थिंगची शंका घ्यावी. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो; तो घरातल्या प्रत्येक सॉकेटमध्ये लावून बघावा. काही वायरमन यावर सोपा उपाय म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देतात. टेस्टर मग ‘ठीक’ दाखवतो. पण पुढेमागे न्यूट्रल तुटला की फ्रीजपासून लॅपटॉपपर्यंत प्रत्येक धातूच्या वस्तूत २३० व्होल्ट उतरतात. हे जीवघेणे आहे, असे काम कुणाकडूनही करून घेऊ नये. मीटरपासून स्वतंत्र हिरवी वायर आणावी आणि ३० मिलिॲम्पिअरचे आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारे बटण) बसवावे. भाड्याच्या घरात हा खर्च कुणाचा, ते करारात आधीच लिहून घ्यावे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहेच. त्याच करारात भिंतीला भोक पाडायला आणि दुसरी नेट लाइन घ्यायला परवानगी असल्याचे एक वाक्य घालावे.

राऊटरसाठी मिळणारे छोटे डीसी यूपीएस उपयोगाचे असतात, फक्त खोक्यावरच्या आकड्याने फसू नये. १०,००० एमएएच हा आकडा सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो, म्हणजे प्रत्यक्षात ३७ वॅट-तास. ओएनटी आणि राऊटर मिळून २० वॅट खात असतील तर दीड तासाच्या आसपास धरावे, अधिक नाही. घेताना १२ व्होल्ट आणि पिनची जाडी जुळवून घ्यावी, ५.५ मिलिमीटर बाहेरचा व्यास सारखाच असला तरी आतला २.१ आणि २.५ असा वेगळा असतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्यानंतरही कितीतरी इमारतींच्या मीटर रूम तळमजल्यावर, रस्त्याच्या पातळीतच आहेत. पाणी शिरले की सुरक्षेसाठी वीज बंद करावी लागते. हिंदमाता, सायन, कुर्ला अशा सखल भागात घर घेणाऱ्याने मीटर कुठे आहेत ते बघावे आणि मोबाइलचे सिम ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचे ठेवावे.

हे एकदा नीट झाले की घर बदलल्याचा खरा फायदा दिसू लागतो. रोजची लोकल वाचते. दुपारी घरी असणाऱ्या माणसाला इमारतीचे असे काही दिसते, जे सकाळी आठला निघून रात्री नऊला परतणाऱ्याला कधी दिसत नाही. गच्चीवरची टाकी भरून वाहत राहते, हे त्यातलेच एक. टाकीतली पाण्याची पातळी मोजणारे यंत्र बनवायचे, हा प्रोग्रॅमरांच्या हातांना चांगला उद्योग आहे. ग्रँट रोडला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, म्हणजे जुन्या लॅमिंग्टन रोडवर, ईएसपी३२ हा छोटा संगणक-बोर्ड आणि ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा जेएसएन-एसआर०४टी हा जलरोधक सेन्सर मिळतो. सेन्सर टाकीच्या झाकणाला लावावा, पण भरलेल्या पाण्यापासून किमान २५ सेंटिमीटर वर. त्याहून जवळचे त्याला मोजता येत नाही. शिडी आणि इनलेट पाइप यांच्यापासून लांब ठेवावा, नाहीतर ध्वनिलहरी त्यांच्यावरच आदळून परत येतात. सेन्सरच्या ‘इको’ पिनवरचा सिग्नल ५ व्होल्टचा आणि बोर्डची पिन ३.३ व्होल्टची, म्हणून मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमच्या रोधांचा व्होल्टेज विभाजक घालावाच. पाच वाचने घेऊन मधले धरावे, म्हणजे सेन्सरच्या तोंडावर जमणाऱ्या थेंबांचा गोंधळ टळतो. पंपाला मात्र हात लावू नये. स्टार्टरचे काम परवानाधारक वायरमनचे.

घरून काम करणाऱ्या अशा रहिवाशाला काही सोसायट्या दुसऱ्या कंपनीची फायबर घेऊ देत नाहीत, हे पटत नाही. एकाच कंपनीशी व्यवहार करून इतरांना डक्ट बंद ठेवला की ती कंपनी तक्रारींकडे लक्ष द्यायचेच सोडते, आणि त्याची किंमत सगळे सदस्य मोजतात. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे विनियम आणले आहेत. ज्या सोसायट्यांचा विकास करार अजून व्हायचा आहे त्यांनी सुविधांच्या यादीत इटालियन मार्बलच्या आधी चार गोष्टी लिहून घ्याव्यात: विजेपासून वेगळा डेटा डक्ट, तीन कंपन्यांच्या पेट्या मावतील एवढी जागा, प्रत्येक खोलीपर्यंत २५ मिलिमीटरचा रिकामा पाइप आणि पुराच्या पातळीच्या वर मीटर रूम. भिंती उभ्या राहण्याआधी यांचा खर्च किरकोळ असतो. नंतर तेच काम प्रत्येकाला आपापल्या घराची भिंत फोडून करावे लागते. आपल्या वास्तु पुरवणीने विकास कराराचा एक नमुना या चार कलमांसह छापावा, ही विनंती.

— एक संगणक अभियंता, मुलुंड (पूर्व), मुंबई