नव्या रूपात जुने अंक हरवू नयेत

महोदय,
कला-संस्कृतीविषयक ऑनलाइन मासिके संकेतस्थळाचे रूप बदलतात तेव्हा सगळी शक्ती मुखपृष्ठावर खर्च होते आणि जुने अंक मागे राहतात. बेळगावजवळच्या कडोली, उचगावच्या साहित्य संमेलनांचा वृत्तान्त शोधणाऱ्याला मग ‘पान सापडले नाही’ एवढेच दिसते, कारण लेखाचा पत्ता बदललेला असतो. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच लेखाच्या नव्या पत्त्याकडे ३०१ क्रमांकाचे कायमचे वळण (रीडायरेक्ट) द्यावे, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्या पानावर पोहोचतो. सरसकट मुखपृष्ठाकडे नेऊ नये.

खरी मेहनत मजकुराची. श्रीलिपी, कृतिदेव या जुन्या फॉन्टांतले लेख युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात, आणताना रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात. जुने फॉन्ट अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवतात, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र तर दोन प्रकारे साठवता येतो. दोन्ही मिसळले की शोधात काही लेख येतच नाहीत. एकच प्रकार ठरवून सगळा साठा तसा करावा, आणि मुद्रितशोधन माणसानेच करावे. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवावी. मग मराठी वळणाची सोय असलेल्या फॉन्टात ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात. नोंद हिंदीची राहिली तर तसे होत नाही. ओळींतले अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडे जास्त हवे, नाहीतर वरचा उकार खालच्या मात्रेला भिडतो.

नाटकांची छायाचित्रे १६०० पिक्सेल रुंदीत पुरतात; मूळ प्रत वेगळी जपावी. खानापूरच्या जंगलातल्या गावांत रेंज कमी, तिथे ५ एमबीचे चित्र उघडता उघडत नाही.

– एक वाचक, बेळगाव