कुर्ल्याहून पत्र

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू सहज विचारलंस, "कुर्ला तसंच आहे का रे?" तेव्हा हो म्हणून मोकळा झालो. पण गेल्या रविवारी कामाने तिकडे गेलो आणि वाटलं, याला नीट लिहायला हवं.

मेन लाइनने उतरलो. जायचं होतं पश्चिमेला, पण पाय आपोआप पूल चढून हार्बर लाइनच्या सात-आठ नंबर फलाटांकडे वळले. पनवेल गाडीची घोषणा झाली आणि मी चक्क धावलो! पासष्टीचा माणूस, हार्बरला काही काम नाही, तरी धावलो. खाली पोचल्यावर स्वतःशीच हसलो. पुलाच्या ज्या वळणावर तू पेपरची घडी काखेत मारून उभा राहायचास, तिथे एक मुलगा कानात बोंडं घालून तसाच उभा होता. तोच खांब, तोच तिरका खांदा.

आता ऐक. वीस वर्षं आपण त्या फलाटांवर धक्के खाल्ले, पण ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेवरची गाडी व्हीटीहून सुटून तिथेच आली होती, हे आपल्या कधी मनात तरी आलं का? आपलं लक्ष फक्त इंडिकेटरवर! ती आली आपल्या हार्बरवरून, मेनवरून नव्हे. हार्बर १९१० पासून कुर्ल्याहून रे रोडपर्यंतच होती, तिथून पुढे व्हीटीला जोडली ती १९२५ मध्येच. सँडहर्स्ट रोडला लाइन घरांच्या मजल्यांच्या उंचीने जाते ना, तिथला चढ वाफेच्या इंजिनाला जड. म्हणून वीज. तेव्हाच्या जीआयपी रेल्वे कंपनीने १५०० व्होल्टचा डीसी करंट वापरला, आणि गाडी किती डब्यांची? चार! आता बारा असूनही सकाळी पाय ठेवायला जागा नसते.

आणि गंमत बघ, एप्रिल २०१६ मध्ये मुंबईची शेवटची डीसी लोकल निघाली तीही कुर्ल्याहून, हार्बरवरच. आता सगळीकडे २५ हजार व्होल्टचा एसी. मला तर या दोन गाड्यांमुळे कुर्ल्याचा मान व्हीटीपेक्षा मोठा वाटतो. तू हसशील, हस.

दुसरी गोष्ट तुझ्यासाठी खास. व्हीटीचं नाव सीएसटी झालं, तेव्हा तू सीएसटी रोडवरून ऑफिसच्या नव्या पोरांना "हा रस्ता सरळ व्हीटीला जातो" असं सांगून फसवायचास, आठवतं? रस्त्याच्या नावातलं सीएसटी म्हणजे सेंट्रल साल्सेट ट्रामवे. १९२८ ला ट्रॉम्बेहून कुर्ल्यावरून अंधेरीपर्यंत रेल्वे सुरू झाली होती, आणि १९३४ ला बंदही पडली. रूळ गेले, सांताक्रूझला विमानं उतरू लागली, उरलं ते फक्त रस्त्याचं नाव. म्हणजे फसवणारा तूही फसलेलाच होतास.

बाकी स्टेशनची अवस्था? हार्बरचे फलाट वर उचलायचं काम चाललंय, म्हणून जिकडे बघावं तिकडे पत्रे. आपण वडा खायचो तो स्टॉल दिसला नाही. पण पत्र्यांमागे असेलही. गर्दी मात्र रविवारीसुद्धा होती. पाऊस पडला की पाण्याचंही तसंच, कारण मिठी नदी तिथून जवळच. २६ जुलै २००५ ला तू रात्रभर ऑफिसच्या जिन्यावर बसलास, आणि सकाळी कंबरभर पाण्यातून मला शोधत आलास. ते मी विसरलेलो नाही, बरं का.

दिवाळीत येतोयस ना? विशाखापट्टणमची तुझी गाडी एलटीटीलाच, म्हणजे कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसलाच लागेल. सामान फार नसेल तर रिक्षावाल्याशी घासाघीस न करता चालतच स्टेशनपर्यंत ये. मी सात-आठच्या पुलावर त्या खांबापाशी उभा असेन. पेपर तू आण, माझा चष्मा घरी राहतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
अरविंद